अहिंसेच्या नावावर मौन खपवू नका



मागच्या दोन लेखांत मुगवड्या आणि आयंबिलचा स्वयंपाक झाला. आज मला भांडायचं आहे. ज्यांना भांडण नको त्यांनी मुगवड्यांकडे परत जावं, मी रागावणार नाही.

२०२५ मध्ये पर्युषणाच्या सुमारास रशियाच्या तेलापायी अमेरिकेने आपल्या मालावर जादा कर लावला आणि ज्याच्या त्याच्या तोंडी हा विषय आला. आपल्याच समाजाच्या एका व्यासपीठावरून एका विद्वान वक्त्यांनी सांगितलं, की युक्रेनच्या युद्धात भारत तटस्थ राहिला, ही महावीरांची अहिंसा आणि अनेकांतवाद जागतिक राजकारणात उतरल्याची खूण आहे. टाळ्या पडल्या. पुढे म्हणाले, युक्रेनने पहिल्याच दिवशी शस्त्रं खाली ठेवली असती तर एवढे जीव गेले नसते. त्यालाही टाळ्या. तेव्हापासून ही दोन वाक्यं सुविचारासारखी, खाली कमळाचं चित्र लावून, मला मोबाईलवर येत आहेत. पाठवणाऱ्यांत माझ्या दोन नणंदा आहेत, म्हणून जरा जपून लिहिते आहे. पण लिहिणार आहे.

सरकारने काय करावं यावर शहाण्या माणसांचे मतभेद असू शकतात. आपल्याला तेल लागतं, रशियन विमानांचे आणि रणगाड्यांचे सुटे भाग लागतात, वर चीन बसलेला आहे. मी बी.कॉम. आहे (पुणे विद्यापीठाची, आपलं जळगावचं विद्यापीठ निघायच्या आधीची), हे हिशेब मला कळतात. सरकारने व्यवहार पाहून गप्प राहायचं ठरवलं असेल, तर त्याला व्यवहार म्हणा. साध्या वरणाला केशरी भात म्हणून वाढू नका. माझं भांडण लेबलाशी आहे, कारण ते लेबल आपल्या घरातलं आहे.

आधी घडलं काय ते पाहू. २४ फेब्रुवारी २०२२ ला रशियाचं सैन्य युक्रेनच्या हद्दीत शिरलं. २ मार्चला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत या आक्रमणाचा निषेध करणारा ठराव आला. १४१ देश बाजूने, ५ विरोधात, ३५ तटस्थ. त्या ३५ मध्ये आपण होतो. त्यानंतरच्या जवळजवळ प्रत्येक मोठ्या मतदानात तिथेच राहिलो. १६ सप्टेंबर २०२२ ला समरकंदला आपल्या पंतप्रधानांनी पुतिन यांना तोंडावर सांगितलं, की हा काळ युद्धाचा नाही. मला ते आवडलं, मी तेव्हा इथे कौतुकही केलं होतं. पण आपली या विषयावरची वाक्यं नीट वाचा. हिंसा थांबावी. चर्चा व्हावी. निरपराधांचे प्राण जाऊ नयेत. एकाही वाक्यात कर्ता नाही. हिंसा कोण करतंय, कोणाच्या अंगणात करतंय, हे शाळेतल्या मुलाने विचारलं तर उत्तर त्या वाक्यांत सापडत नाही.

वक्ते म्हणाले, हा अनेकांतवाद. रशियाचीही एक बाजू आहे, नाटो त्याच्या दारापर्यंत आलं होतं.

असेल. एका नयाने पाहिलं तर रशियाला वाटणारी भीती खरी असेल. पण ‘स्यात्’ म्हणजे ‘एका विशिष्ट अपेक्षेने’. ‘कोण जाणे बाई’ असा त्याचा अर्थ मला तरी कोणा महासतीजींनी शिकवला नाही. शेजाऱ्याची भीती एका अपेक्षेने समजून घेतली म्हणून त्याने भिंत फोडून आपल्या स्वयंपाकघरात पाय ठेवला ही गोष्ट दुसऱ्या अपेक्षेने पुसली जात नाही. अनेकांत म्हणजे सगळ्या बाजू पाहायच्या, आणि त्यात ज्याच्या घरावर बॉम्ब पडला त्याचीही बाजू येते. आपल्याकडे हल्ली अनेकांत बोलणारे तेवढी एक बाजू सोडून उरलेल्या सगळ्या पाहतात.

आता आगम. ‘शस्त्र खाली ठेवायला हवं होतं’ असं महावीरांच्या नावावर सांगणाऱ्यांनी भगवतीसूत्राच्या सातव्या शतकाचा नववा उद्देशक एकदा वाचावा. महावीरांच्या हयातीतल्या मोठ्या आक्रमणाची हकीकत तिथे आहे. मगधाचा कूणिक आपल्या भावांकडून सेचनक हत्ती आणि अठरा सरींचा हार मागतो. भाऊ आजोळी, वैशालीला, चेटकराजाच्या आश्रयाला जातात. हा चेटक आपल्या परंपरेत महावीरांचा मामा आणि व्रतधारी श्रावक. निरयावलिका सूत्रात पुढचं आहे. कूणिक निरोप धाडतो, परत पाठव नाहीतर लढ. चेटक आपल्या शेजाऱ्यांना बोलावतो, नऊ मल्लकी आणि नऊ लिच्छवी, एकूण अठरा गणराजे. त्यांना विचारतो, आश्रयाला आलेल्यांना परत द्यायचं की लढायचं? अठराच्या अठरा सांगतात, परत द्यायचं नाही. आणि आपापलं सैन्य घेऊन त्याच्या बाजूला उभे राहतात.

एका राज्यावर आक्रमण झालं तर बाकीच्यांनी काय करावं, हा आज टीव्हीवर चाललेला वाद अडीच हजार वर्षांपूर्वी वैशालीत झाला होता आणि त्या अठरांपैकी एकही तटस्थ राहिला नाही. हे अठरा गणराजे कोण, आठवतंय? दर पर्युषणात कल्पसूत्रात ऐकतो ते. महावीरांच्या निर्वाणाच्या रात्री, ज्ञानाचा दिवा विझला म्हणून ज्यांनी दिवे लावले ते. आपली दिवाळी त्यांची आहे.

त्याच युद्धात वरुण नावाचा श्रावक होता, नाग-नत्तुआ म्हणतात त्याला. दोन-दोन दिवसांचे उपास करणारा. राजाचं बोलावणं आलं तेव्हा त्याने बेल्याचा तेला केला आणि रथात चढला. चढताना अभिग्रह घेतला, की जो माझ्यावर आधी वार करेल त्याच्यावरच मी वार करीन. रणात समोरचा म्हणाला, मार. वरुण म्हणाला, तू मारल्याशिवाय मला मारता येत नाही. समोरच्याने बाण सोडला, तो वर्मी लागला. मग वरुणाने धनुष्य ओढलं आणि एका बाणात त्याला पाडलं. नंतर रथ एकांतात नेला, घोडे सोडून दिले, दर्भाच्या आसनावर बसून जन्मभराची पच्चक्खाणं घेतली, बाण उपसला आणि समाधीत देह ठेवला. आगम सांगतो, तो देवलोकात गेला.

आगमाने युद्ध गोड केलेलं नाही, हेही सांगते, नाहीतर उद्या कोणी माझ्याच लेखाचा झेंडा करेल. त्या दोन संग्रामांत ८४ लाख आणि ९६ लाख माणसं मेल्याचा आकडा तिथे आहे, आणि रणात मेलेला थेट स्वर्गात जातो या लोकसमजुतीला महावीरांनी तिथेच साफ खोटं ठरवलं आहे. मेलेले बहुतेक नरकात आणि तिर्यंचात गेले. चेटकही शेवटी हरला, वैशाली पडली. इतकं सगळं सांगूनही वरुणाला कोणी म्हणत नाही, की बाबा रे, तू रथातून उतरला असतास तर एक जीव वाचला असता.

पाठशाळेतल्या मुलांनाही हिंसेचे चार प्रकार पाठ असतात. संकल्पी, आरंभी, उद्योगी, विरोधी. गृहस्थाने संकल्पी हिंसा सोडायची. चुलीतली, शेतातली, धंद्यातली कमी करत न्यायची. आणि स्वतःचं, आश्रिताचं, देशाचं रक्षण करताना घडते ती विरोधी. ती पापच, पण श्रावकाचं व्रत तिने मोडत नाही. कीव्हमधला माणूस विरोधी हिंसा करतो आहे, त्याच्यावर चालून आलेला संकल्पी. चार प्रकार पाठ करून घ्यायचे आणि जिथे लावायचे तिथे ‘हिंसा ती हिंसाच’ म्हणून एका डब्यात ओतायचे, मग पाठ कशाला करायचे?

माझं माहेर धुळ्याचं, म्हणून तिथली एक गोष्ट. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा कैदी होते. २१ फेब्रुवारीपासून दर रविवारी ते गीतेवर बोलत आणि अंमळनेरच्या शाळेतून चळवळीत आलेले साने गुरुजी ते उतरवून घेत. ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक असं जन्माला आलं. आता आपण जैन, गीता आपला ग्रंथ नाही, पण धुळ्याची मुलगी हे पुस्तक वाचल्याशिवाय मोठी होत नाही. पहिल्याच प्रवचनात विनोबा अर्जुनाचं सोंग उघडं पाडतात. त्यांचा दाखला एका न्यायाधीशाचा आहे. त्याने कितीतरी खुन्यांना फाशी दिली होती. एक दिवस स्वतःचा मुलगाच खुनी म्हणून समोर उभा राहिला. त्या दिवशी न्यायाधीशबुवा फाशीची शिक्षा कशी अमानुष, यावर बोलू लागले. विनोबांसारखा अहिंसेला वाहिलेला माणूस सांगतो, की ही अहिंसा नाही, हा मोह आहे.

आता आपलं पाहू. एप्रिल २००३ मध्ये अमेरिकेने इराकवर हल्ला केला होता तेव्हा आपल्या लोकसभेने ठराव केला. वाजपेयींचं सरकार होतं. शब्द कोणता वापरायचा यावर बरीच घासाघीस झाली आणि हिंदी ठरावात ‘निंदा’ हा शब्द आला. तेव्हा तेल लागत नव्हतं का? अमेरिकेशी संबंध नको होते का? तरी म्हटलं, आणि आकाश कोसळलं नाही. म्हणजे आपल्याला निंदा करता येते. उलट १९५६ ला सुएझवर हल्ला झाला तेव्हा आपण कडक बोललो आणि त्याच दिवसांत रशियाचे रणगाडे हंगेरीत शिरले तेव्हा आवाज अडखळला. जानेवारी १९८० ला अफगाणिस्तानच्या ठरावावर पुन्हा तटस्थ. काँग्रेस असो, भाजप असो, आरोपी घरचा निघाला की आपल्या न्यायाधीशाला अहिंसा आठवते.

“त्यांनी १९७१ ला आपल्याला साथ दिली,” हे आमचे हे म्हणतात. घरोघरचे ‘हे’ म्हणत असणार.

दिली, आणि विसरू नये. मी दहा वर्षांची होते. प्रत्येक पत्रावर पाच पैशांचं जादा तिकीट लावावं लागायचं, निर्वासितांसाठी. पोस्टात ते चिकटवायचं काम माझ्याकडे होतं. एक कोटी माणसं सीमा ओलांडून आली होती. ७ डिसेंबर १९७१ ला आमसभेने ठराव केला, दोघांनी लढाई थांबवा आणि आपापल्या हद्दीत जा. बाजूने १०४, विरोधात ११. एक कोटी लोक का पळाले हे न विचारता १०४ देशांनी आपल्याला शांततेचा उपदेश केला. तो आपल्याला कसा झोंबला होता!

आणि आपल्या बाजूची ती ११ मतं कोणाची, पाहिलंय कधी? त्यात सोव्हिएत संघाचं होतं, तसं युक्रेनचंही वेगळं मत होतं. सोव्हिएत संघात असूनही युक्रेनला संयुक्त राष्ट्रांत स्वतःची जागा होती. पोलंडचंही होतं. म्हणजे ऋण मानायचंच असेल तर धनकोंच्या यादीत युक्रेनचं नाव आहे. आणि समजा नसतं, तरी ऋण माझं आणि त्याचा हप्ता तिसऱ्याच्या खात्यातून वळता करायचा, ही पद्धत मला बी.कॉम.च्या तीन वर्षांत कोणी शिकवली नाही.

पण याहून मला १९६२ जास्त जवळचं वाटतं. मी तेव्हा रांगत होते. २० ऑक्टोबरला चीन आला. आईने हातातल्या दोन पाटल्यांपैकी एक संरक्षण निधीला दिली, दुसरी तिने शेवटपर्यंत एकटीच वापरली, जोड केली नाही. यशवंतराव मुंबई सोडून दिल्लीला गेले. हे सगळं आपण अभिमानाने सांगतो. जे सांगत नाही ते असं, की त्या वेळी आपले अलिप्ततावादी मित्र कुठे होते? डिसेंबरात कोलंबोला सहा देश जमले. श्रीलंका, इजिप्त, घाना, इंडोनेशिया, ब्रह्मदेश, कंबोडिया. त्यांनी तोडगा सुचवला, पण आक्रमक कोण हे म्हटलं नाही. दोघेही मित्र, कसं म्हणायचं! घानाच्या एन्क्रूमांनी तर ब्रिटन भारताला शस्त्रं देतं यावर नाराजी कळवली, युद्ध भडकेल म्हणून. आजच्या आपल्या व्यासपीठावरचं भाषण आणि तेव्हाचं त्यांचं म्हणणं शेजारी ठेवा. नेहरूंना, आपल्या सैनिकांना, एक पाटली काढून देणाऱ्या माझ्या आईला त्या सहा देशांची ‘अहिंसा’ कशी वाटली असेल?

आता शस्त्रं खाली ठेवण्याबद्दल. युक्रेनने ती एकदा ठेवली आहेत, हे टाळ्या वाजवणाऱ्यांना ठाऊक नसावं. सोव्हिएत संघ मोडला तेव्हा जगातला तिसऱ्या क्रमांकाचा अण्वस्त्रांचा साठा युक्रेनच्या भूमीवर होता. ५ डिसेंबर १९९४ ला बुडापेस्टला करार झाला. रशिया, अमेरिका आणि ब्रिटनने लिहून दिलं, की तुमच्या सीमांचा मान राखू, आणि युक्रेनने सगळी अण्वस्त्रं देऊन टाकली. अपरिग्रहाचं याहून मोठं उदाहरण राष्ट्रांच्या इतिहासात मला माहीत नाही. वीस वर्षांत, २०१४ ला, लिहून देणाऱ्यांपैकी एकाने क्रिमिया घेतला. २०२२ ला उरलेलं घ्यायला आला. ज्याने शस्त्र टाकलं त्याच्यावर वार होतो आणि जग म्हणतं, आमचं काही म्हणणं नाही. मग उद्या अण्वस्त्र कोण टाकेल? अहिंसा मानणाऱ्याने खरं तर या एका कारणासाठी सगळ्यांत मोठ्याने ओरडायला हवं होतं.

युरोपच्या कटकटी म्हणजे जगाच्या कटकटी, असं युरोपने समजू नये, अशा अर्थाचं आपले परराष्ट्रमंत्री जून २०२२ मध्ये बोलले आणि ते फार गाजलं. युरोपला टोमणा बरोबर बसला, त्यांना आपली दुःखं कधी दिसली नव्हती. पण टोमणा युरोपला मारला, मार युक्रेन खात होता. अमेरिकेबद्दल तर बोलायलाच नको. फेब्रुवारी २०२५ मध्ये आमसभेत युक्रेनच्या बाजूचा ठराव आला तेव्हा अमेरिकेने रशियाबरोबर विरोधात मत दिलं. त्याच अमेरिकेने सहा महिन्यांत आपल्याला रशियन तेलाबद्दल दंड केला! तेव्हा अमेरिका सांगते म्हणून काही करा, असं मी मुळीच म्हणत नाही. अमेरिकेला खूश करायची की नाही हा प्रश्न वेगळा आहे आणि माझ्या लेखात तो बसत नाही.

खरी अहिंसा मानणारे होतेच. त्यांनी काय केलं? शंकरराव देव, काँग्रेसचे जुने गांधीवादी नेते (आपल्या धुळ्याचे, समर्थ वाङ्मय जमवणारे शंकर श्रीकृष्ण देव वेगळे). चीनच्या युद्धानंतर, १ मार्च १९६३ ला, ते राजघाटावरून पेकिंगला पायी निघाले. बरोबर देशी-परदेशी मंडळी. देशात लोकांनी शिव्या घातल्या, चीनने आत येऊ दिलं नाही. त्यांचा विचार पटो न पटो, पण ज्याने हल्ला केला त्याच्या दिशेने ते स्वतःचे पाय घेऊन चालत गेले. तटस्थतेचं बटण दाबण्यात आणि त्यात केवढं अंतर आहे!

आता पैशाकडे येते, कारण आपण वाणी लोक, आणि इथे नणंदा नक्की रागावणार.

आपल्या सभांत देणगीदाराला ‘भामाशाह’ म्हणून शाल-श्रीफळ देतात. भामाशाह कावडिया, ओसवाल, आपला अभिमान. त्यांनी काय केलं? अकबराचं सैन्य मेवाडवर चालून आलेलं असताना आपलं धन महाराणा प्रतापांपुढे ठेवलं, सैन्य उभं करायला. त्यांनाही दोन्हीकडे व्यापार करता आला असता. मुघलांची बाजारपेठ मोठी होती आणि मालही स्वस्तात मिळाला असता. भामाशाहांच्या नावाची पगडी घालून तटस्थतेवर टाळ्या वाजवताना कोणालाच काही वाटलं नाही, याचं मला नवल वाटतं.

युद्धाआधी आपण घेत असलेल्या कच्च्या तेलात रशियाचा वाटा शंभरात दोनही नव्हता, नंतर तो पस्तिसाच्या आसपास गेला. स्वस्त तेल गरिबासाठी, असं सांगतात. मार्च २०२२ ला सूर्यफूल तेल महागलं ते प्रत्येकीच्या लक्षात असेल, पोटॅश महागलं ते रावेर-यावलच्या केळीवाल्यांना विचारा. त्या महागाईत पेट्रोल पंपावर रशियाचं स्वस्त तेल किती पोचलं? जळगावला भाव शंभराच्या खाली आला नाही. मार्च २०२४ मध्ये दोन रुपये उतरले, तेव्हा निवडणूक होती. शुद्ध करून डिझेल परदेशी गेलं, त्यातला बराच नफा कोणाच्या वहीत जमा झाला ते काढायला बी.कॉम.ही लागत नाही. गरिबाचं नाव खर्चाच्या बाजूला टाकायचं आणि नफा भलत्याच्या नावावर, हा जमाखर्च जुळत नाही.

आणि हिरे. जगातल्या दहातल्या नऊ हिऱ्यांना पैलू सुरतेत पडतात आणि कच्च्या मालाचा जवळपास तिसरा हिस्सा रशियाच्या अल्रोसा कंपनीचा असायचा. त्या कंपनीत रशियन सरकारची मोठी भागीदारी आहे. हा धंदा कोणाचा, मी सांगायला हवं? माझ्या धाकट्या दिराचा मुलगा तिथेच आहे. मी त्याला विचारलं तेव्हा तो म्हणाला, “काकी, तुमचं धर्माचं बरोबर असेल. पण माल बंद केला तर माझ्या घंटीवर बसणाऱ्या कारागिरांना पगार कोण देणार? कितीजण आधीच गावाला परत गेलेत.” याला माझ्याकडे सोपं उत्तर नाही आणि तो खोटं बोलत नाही. सुरतेत मंदी आहे, घरं बसली आहेत. पण त्याने एक गोष्ट केली नाही. त्याने मला अहिंसा ऐकवली नाही. पोटाची अडचण त्याने पोटाची म्हणून सांगितली. व्यासपीठावरच्या विद्वानांपेक्षा मला हा पोरगा जास्त धार्मिक वाटला.

कोणी शास्त्र काढेल, की श्रावकाचं पच्चक्खाण दोन करण तीन योगाचं, करणं आणि करवणं बंद, अनुमोदना खुली. हो, खुली असते, कारण संसारात ती पूर्ण बंद करणं आपल्याला झेपत नाही. झेपत नाही म्हणून सूट मिळाली, त्या सुटीचं तोरण दाराला बांधायचं नसतं. रोजच्या प्रतिक्रमणात तिसऱ्या व्रताचे अतिचार आपण म्हणतो, त्यात चोराने आणलेला माल घेणं आहे, चोराला मदत करणं आहे. चोर शेजारचा नसून एक अख्खा देश असेल तर काय, हा प्रश्न कधीतरी स्वाध्यायात घ्या ना. मी नोट्स काढून देते.

मग करायचं काय? सैन्य पाठवा, असं मी म्हणत नाही. ते कोणीही मागितलेलं नाही. आधी नाव घ्या, कर्त्यासकट वाक्य बोला, इराकच्या वेळी बोललो तसं. बाकीचं आपल्याला नवीन नाही. १९३८ मध्ये आपण स्वतः पारतंत्र्यात होतो, तिजोरी इंग्रजांची होती. जपानने चीनवर आक्रमण केलं तेव्हा काँग्रेसने पाच डॉक्टर पाठवले. त्यात सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस होते, नागपूरचे चोळकर होते. बाकीचे परतले, कोटणीस थांबले आणि ९ डिसेंबर १९४२ ला, ३२ व्या वर्षी, तिथेच गेले. त्या आधी दोन वर्षं आपल्याच खानदेशात, फैजपूरला, पंडितजी अध्यक्षपदावरून स्पेनबद्दल बोलले होते. केळीच्या बागांतल्या शेतकऱ्यांपुढे स्पेन! कोणी म्हटलं नाही, की आपल्याला काय त्याचं. “चीनला कोटणीस दिले आणि चीनने १९६२ दिलं,” असं यावर लगेच येतं. मैत्रिणींनो, दान आणि उधारी यांची पानं वेगळी असतात. कोटणीस दानाच्या पानावर आहेत.

आणि कोल्हापूरजवळचं वळिवडे. हिटलर आणि स्टॅलिन दोघांनी मिळून पोलंड वाटून घेतला, तिथल्या बायका-मुलांना रशियाने सैबेरियात नेऊन टाकलं. त्यातली पाचेक हजार माणसं १९४३ ते १९४८ वळिवड्याच्या छावणीत राहिली. शाळा, चर्च, सगळं तिथे होतं. २०२२ च्या मार्चमध्ये आपली डॉक्टरकीची हजारो मुलं युक्रेनमधून बाहेर पडली तेव्हा त्यांतली बरीच पोलंडच्या सीमेवरून आली. तिथे त्यांना गरम सूप आणि पांघरुणं मिळाली. आमच्या ओळखीतली एक मुलगी होती त्यात. ती म्हणते, खारकीव्हहून निघताना घरमालकिणीने वाटेत खायला डबा भरून दिला. ती म्हातारी स्वतः तळघरात राहिली. आता आहे की नाही, फोन लागत नाही.

आमच्या नातीचा साखरपुडा मार्गशीर्षात आहे. अंगठी हिऱ्याची घ्यायची असं ठरत होतं. मी सराफांकडे गेले आणि विचारलं, खडा कुठल्या खाणीतला? ते म्हणाले, काकूजी, सर्टिफिकेटवर वजन, रंग, सफाई सगळं आहे. मी म्हटलं, खाण? त्यांनी सर्टिफिकेट उलटं-सुलटं करून पाहिलं, मग सुरतेला फोन लावला. सुरतेहूनही कळलं नाही. अंगठी बिनखड्याची, सोन्याची घेतली. आजच्या भावाने घेतली, तेव्हा जळगावच्या बायकांना वेगळं सांगायला नको, स्वस्तात सुटले नाही.